संध्याकाळचं नियोजन

"आजचं नियोजन कुठं आहे?" तपासणीला आलेल्या श्वेताने वसंतरावांना विचारलं.

भिंतीवरचा बोर्ड कोराच होता. असणारच. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात वसंतराव नियोजन करायचे ते संध्याकाळी. दिवसभर ज्या गिऱ्हाइकाचा फोन जास्त तापलेला, त्याचा माल आधी निघायचा. मग जेवढे खोके झाले तेवढेच आकडे 'आजचं नियोजन' म्हणून बोर्डावर चढायचे. ठरवलेलं आणि झालेलं तंतोतंत जुळायचं, मालक पाठ थोपटायचे. खोके घेणारी मोठी कंपनी पुरवठादारांच्या नियोजनाला गुण देऊ लागली, तेव्हाही पैकीच्या पैकी मिळाले. पण ते तपासायला कंपनीची ही पोरगी न सांगता सकाळीच येऊन उभी राहील, हे कोणाच्या ध्यानीमनी होतं? गुण घसरले की काम दुसरीकडे जाणार होतं.

मालक वसंतरावांकडे बघत होते. वसंतरावांचा चेहरा उतरला होता.

"मीच पुसला जी," मशीनवरून शोभाताई उठल्या. "झाडून राहिले होते, तं बोर्डावरही फडकं फिरवलं. साहेबानं सकाळीच लिहिलं होतं."

शोभाताईंना पुढच्या महिन्यात मुकादम करायचं ठरलं होतं. वसंतरावांनीच मालकांच्या मागे लागून ठरवलं होतं. आता वसंतरावांनी फक्त खरं सांगायचं होतं. ते बोलले, पण भलतंच.

"किती वेळा सांगितलं तुम्हाले, बोर्डाले हात लावू नका म्हणून?"

शोभाताईंनी मान खाली घातली. श्वेताने गुण कापले ते कामगारांच्या प्रशिक्षणाचे. नियोजनाचे पूर्ण ठेवले. काम वाचलं.

"हिले मुकादम करून राहिलो होतो आपण," श्वेता गेल्यावर मालक शोभाताईंकडे बघत म्हणाले. "राहू द्या आता."

"हो," वसंतराव म्हणाले. स्वतःचीच किळस आली त्यांना.

जेवणाच्या सुट्टीत ते शोभाताईंपाशी गेले. "काहून बोलल्या असं, ताई?"

"तुमचं तोंड पाहवलं नाही, साहेब."

वसंतरावांनी माफी मागितली नाही. तसेच परतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच बोर्ड लिहिला. शोभाताई पाणी प्यायला निघाल्या. बोर्डासमोरची वाट अरुंद होती. त्यांनी पदर गोळा करून छातीशी घट्ट धरला, आणि बोर्डाला कुठं धक्का लागू नये म्हणून समोरच्या भिंतीला अंग घासत पलीकडे गेल्या.