सरबत काही खाणं नाई

मी खोटं बोलली असं कोणी म्हटलं की माह्यं डोकं फिरते. अन् इथं तं चिखलीची दाताची डॉक्टर अनुपमा, माह्या पोरीच्या वयाची, मले खुर्चीत बसवून म्हणे, "काकू, ट्रे घालून काहीतरी कडक चावलंत तुम्ही. पुन्हा तडकला तर उपचार थांबवावा लागेल."

ट्रे म्हंजे दात सरळ करायचं पारदर्शक प्लास्टिक. दातावर बसते, कोणाले दिसत नाई, दर दोन हप्त्यानं नवा. माह्ये समोरचे दोन दात लहानपणापासून एकमेकावर चढलेले. लग्नाच्या अल्बममध्येबी मी तोंडावर पदर धरून उभी हाय. आता माघात स्वरदाचं, माह्या पोरीचं लग्न. तिच्या फोटोत मले तोंड उघडून हसायचं होतं. बस, एवढंच पाह्यजे होतं. अमडापूरच्या बाया म्हणे, सुचिताले म्हातारचळ लागला. म्हणू द्या!

"अवो बाई, चावीन काय?" मी डॉक्टरले म्हणली. "नवरात्राचे नऊ दिवस तोंडात दाणा नाई टाकला. नुसत्या लिंबाच्या सरबतावर होती!"

ती नुसती हसली. त्या हसण्यानं माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन नवऱ्यापाशी सारं ओकलं. आमचे अनंतराव शाळेत विज्ञान शिकवतात. ते म्हणे, "सरबत पिताना ट्रे काढत होती ना?"

"काऊन काढू? खाताना काढा, असं म्हटलं होतं तिनं. सरबत काही खाणं हाय काय? उपासाले चालते ते! उलट मी खुश होती, दिवसभर ट्रे काढायचं कामच नाई."

त्यायनं चहाचा कप खाली ठेवला.

"लिंबू आंबट असते, सुचिता."

"मंग?"

"मंग पाहू करून."

जुने ट्रे मी फेकत नाई, डब्यात होते. मास्तरनं त्यातून एकसारख्या नऊ पट्ट्या कापल्या. तीन साध्या पाण्यात, तीन ताकात, तीन लिंबाच्या सरबतात. नवरात्रासारखेच नऊ दिवस. रोज सकाळी मी ताक अन् सरबत ताजं करून घाले, देवाच्या नैवेद्यासारखं. शेजारची अन्नपूर्णा म्हणे, "प्लास्टिकले काय सरबत पाजता वो?" मी म्हटलं, "पाहुणा हाय माह्या घरचा!" आतून मात्र धाकधूक. सरबताची पट्टी टिकली तं डॉक्टर खरी, मी खोटी, अन् माघात पुन्हा पदर तोंडावर.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, अंगणात दोन विटा मांडल्या. वर आडवी पट्टी, तिले बांधली थैली, अन् थैलीत एकेक वजन. मास्तरनं मोबाइल उभा करून ठेवला, म्हणे पुरावा पाह्यजे. पाण्यातली पट्टी पाच किलोले नुसती वाकली. ताकातलीबी वाकली, तुटली नाई. मंग सरबताची. एक किलो. दोन. अडीच किलो टाकले अन् टक्कन! थैली खाली, दोन तुकडे!

"तुटली! अहो, तुटली!" मी अंगणात नाचली. दुसरी टाकली, तुटली. तिसरी टाकली, तेबी तुटली. मास्तर हसून राह्यले, अन्नपूर्णा कुंपणातून टाळ्या वाजवून राह्यली. मले इतका आनंद झाला की तो व्हिडिओ मी तसाच घरच्या ग्रुपवर टाकून देल्ला.

नाचून झाल्यावर मंग डोक्यात उजेड पडला. म्हंजे मी चावलं नव्हतं हे खरं, पण ट्रे तं मीच तोडला होता. घोट घोट करून, नऊ दिवस, मोठ्या भक्तीनं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरपुढं तुकडे ठेवले अन् सारं कबूल केलं. तिनं व्हिडिओ दोनदा पाह्यला. "काकू, एवढ्यावर शास्त्र सिद्ध होत नाही हं," म्हणे, "पण तुम्ही खोटं बोलला नव्हता. आणि पाण्याशिवाय काहीही पिताना काढा, हे मीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं. नवा ट्रे करते, माघापर्यंत होईल." माह्या जिवात जीव आला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पुण्याहून स्वरदाचा मेसेज होता.

"आई, ही तू आहेस? तू अशी हसतेस? मी कधी पाहिलंच नव्हतं गं."

मी घाईनं व्हिडिओ पुन्हा लावला. पह्यल्यांदा मी फक्त पट्टी पाह्यली होती. आता स्वतःले पाह्यलं. दोन्ही दात एकमेकावर चढलेले, तोंड उघडं, अन् माह्ये दोन्ही हात वर हवेत. डॉक्टरच्या खुर्चीत बसूनच मी रडली.