अर्धा सोफा आत

“अजून एकदा,” डीन म्हणाला, आणि तिघांनी पुन्हा खांदा लावला.

सोफा वीतभर आत सरकला, कुठेतरी लाकूड करकरलं, आणि मग तो जो थांबला तो थांबलाच. आत बैठकीच्या खोलीत ग्लिनिस ओढायच्या पवित्र्यात उभी होती. तिच्या हाती नुसतं कापड आलं. दार आधीच बिजागऱ्यांतून काढून शेजारच्या मॅव्हिसच्या खिडकीखाली टेकवून ठेवलं होतं. चौकटीची पट्टीही उचकटून झाली होती. आता घराचं काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“मागे घ्या,” बाहेरून ट्रेव्हर, तिचा नवरा, म्हणाला.

सोफा मागेही येईना. त्याच्या मधोमध पेले थंड ठेवायचा एक कप्पा होता. बटण दाबलं की त्यात निळा दिवा लागायचा. तेवढाच भाग फुगीर होता आणि नेमका तोच चौकटीत घट्ट बसला होता.

डीन आणि लिव्ह्यू हे कंपनीच्या गाडीवरचे हमाल. डीनच्या मनगटावरचं यंत्र मघापासून टिवटिवत होतं. एका घरी किती वेळ रेंगाळायचं हे ते यंत्र ठरवी, आणि तो वेळ केव्हाच उलटून गेला होता. लिव्ह्यूने टोपी काढून कपाळ पुसलं, सोफ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि आपल्या गावी अशा वेळी भिंत पाडतात, अशी माहिती दिली. डीनने यंत्रावर बोट फिरवलं, ‘माल पोहोचला’ अशी नोंद केली आणि ट्रेव्हरची सही मागितली.

“पोहोचला?” ट्रेव्हरने विचारलं.

“अर्धा तर पोहोचला ना, साहेब. अर्ध्याचं बटणच नाहीये यात.”

ट्रेव्हरने सही केली. रात्रभर गोदामात खोकी उचलून तो सकाळी घरी आला होता आणि अजून त्याची पाठ टेकली नव्हती. अशा माणसापुढे काहीही धरलं तरी तो सही करतो. गाडी कोपऱ्यावरून वळून गेली.

ग्लिनिसने लाँग ईटनमधल्या मॅलेंडरच्या कारखान्यात सोफ्यांची कापडं शिवण्यात उभा जन्म काढला होता. पण अख्खा सोफा तिच्या नजरेस क्वचितच पडे. तिच्या मशीनखालून पाठ जाई, हात जाई, उशीची खोळ जाई; ते सगळं एकत्र होई पलीकडच्या शेडमध्ये आणि तिथून परस्पर ट्रकमध्ये चढे. लंडनच्या कुणीतरी कंपनी विकत घेतल्यापासून कापडं मोठी होत चालली आहेत, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं होतं. ही एवढी मोठी घरं आहेत तरी कुणाची, असं एकदा जेवणाच्या सुट्टीत एकीने विचारलं, आणि सगळ्या जणी हसल्या होत्या.

निवृत्त होताना साहेबांनी तिला विचारलं, सहलीचं कूपन हवं की सगळ्यात वरच्या दर्जाचा सोफा, ‘एम्प्रेस’? ट्रेव्हरचं मत कूपनाच्या बाजूने होतं. माब्लथॉर्पला समुद्राकाठी आठवडाभर कॅरव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, भाड्याने घ्यायची आणि तिच्यात झोपायचं, हे त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. समुद्र बघितला नाही तरी चालेल, असंही तो म्हणाला होता. ग्लिनिसने सोफा मागितला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैठका शिवल्या, एकदा आपण बसून तर बघू, एवढंच कारण तिला देता आलं. खोली तिने टेप लावून मापली होती. दाराचं माप घ्यायचं काही तिला सुचलं नाही. त्या दारातून ती रोज जात-येत होती. ते तिला कधी लहान वाटलं नव्हतं.

आणि जुना सोफा तर पहाटेच नगरपालिकेची गाडी घेऊन गेली होती.

“सोडवून काढता येईल का गं?” ट्रेव्हरने विचारलं. “तू आणि तुझी ती कात्री.”

“पूर्वीचा असता तर पाठ निघाली असती,” ग्लिनिस म्हणाली. “आता सगळं डिंकाने चिकटवतात. मोडला की फेकायचा आणि नवा घ्यायचा.”

“मग मोडूया.”

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला.

घराला दार नव्हतं, म्हणजे कुणीतरी राखण करायला हवी होती. ट्रेव्हर बाहेरच्या अर्ध्यावर बसला, ग्लिनिस आतल्या अर्ध्यावर. मधल्या कप्प्यावरून दोघांना एकमेकांचं तोंड दिसत होतं. तो रात्री कामाला जाई, ती सकाळी. इतकी वर्षं दोघांची गाठ पडे ती बहुतेक जिन्यात, एक चढताना आणि दुसरं उतरताना. आता ती निवृत्त झाली होती, त्याची नोकरी अजून बाकी होती. असं समोरासमोर बसल्यावर काय बोलावं ते दोघांनाही चटकन सुचेना. शेवटी ट्रेव्हरने कंपनीला फोन लावला.

बराच वेळ संगीत वाजलं. मग एका यंत्राने, वस्तू घरी पोहोचल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. त्यानंतर एक माणूस आला. परत न्यायला गाडी परवा येईल, पण त्याआधी एक सांगा, तो म्हणाला, वस्तू घरात आहे की घराबाहेर? घरातली असेल तर दोन माणसं पाठवावी लागतात, बाहेरची असेल तर एक.

“मी बाहेर आहे,” ट्रेव्हर म्हणाला. “बायको आत आहे. आणि आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसलोय.”

पलीकडच्या माणसाने थोडा विचार करून दीड माणूस पाठवता येत नाही, असं सांगितलं. तो थट्टा करत नव्हता.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. मॅव्हिस ऐंशीच्या पुढची, पण गल्लीत काही घडलं की तिचे गुडघे दुखत नसत. ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि ट्रेव्हरशेजारी ऐसपैस बसली. पोस्टमन टेकून गेला. कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानाचा मालक दुकान उघडायच्या आधी येऊन बसला आणि बटण दाबून निळा दिवा लावून बघून गेला. प्रत्येक जण ट्रेव्हरला एकच प्रश्न विचारी, आणि ट्रेव्हर दर वेळी तितक्याच शांतपणे सांगे की हो, दाराचं माप घ्यायला हवं होतं.

“कूपन घेतलं असतंस, तर ते दारातल्या पत्रांच्या फटीतूनसुद्धा आत आलं असतं,” मॅव्हिस ग्लिनिसला म्हणाली.

“तेच मी म्हणत होतो,” ट्रेव्हर म्हणाला.

ग्लिनिसने उशीवरची सुरकुती तळव्याने सारखी केली, आणि ती झाल्यावरही करत राहिली.

तीनच्या सुमारास कंपनीच्या जाहिरात खात्यातली मुलगी आली. हे ठरलेलंच होतं. तिचं नाव इमोजेन. निवृत्त कामगार आपल्याच हातच्या सोफ्यावर घरी आरामात बसली आहे, असा एक फोटो तिला हवा होता. ती मोटारीतून उतरली, फुटपाथवरचा सोफा, त्यावरचा ट्रेव्हर आणि त्याच्या हातातलं अर्धं सँडविच बघून क्षणभर थबकली, आणि मग मागच्या गल्लीतून, कचऱ्याचे डबे चुकवत, स्वयंपाकघरातून आत आली. आत आल्यावर तिने छायाचित्रकारासारखा एक डोळा मिटला आणि आतला अर्धा भाग पुरेसा होईल, असं ठरवलं.

“अगदी सहज बसा,” ती म्हणाली. “पाय जमिनीवर.”

ग्लिनिस नीट मागे टेकून बसली. सकाळपासून ती कडेला, उठायच्या बेतात असल्यासारखी बसली होती. मागे टेकल्यावर तिच्या ध्यानात आलं की पाय जमिनीला पोहोचतच नाहीत. ते हवेत लोंबत राहिले, शाळेतल्या मुलीसारखे.

“थोडं पुढे आलात तर?”

पुढे आली तर पाठ सुटे. मागे गेली तर पाय. शेवटी इमोजेनने तिला पाय वर घेऊन मांडी घालायला सांगितलं, हातात रिकामा कप दिला आणि कपात बघून हसायला सांगितलं. ट्रेव्हरचं कोपर चौकटीतून आत येत होतं; साहेबांना जरा पलीकडे सरकायला सांगाल का, असं तिने विचारलं.

“तो माझा नवरा आहे,” ग्लिनिस म्हणाली.

“हो, पण फोटोत मागे रस्ता दिसेल.”

ट्रेव्हर सरकला. फोटो छान आला. इमोजेनने तो दाखवला तेव्हा ग्लिनिसला वाटलं, ही बाई कुठल्या तरी मोठ्या घरात राहते आणि हिला काही म्हणता काही कमी नाही.

इमोजेन गेल्यावर ग्लिनिसने ट्रेव्हरचा डबा भरला. सहाला त्याची पाळी सुरू व्हायची. डबा घेऊन ती मागच्या दाराने निघाली, गल्लीला वळसा घालून रस्त्यावर आली, आणि सोफ्यापाशी येऊन थांबली.

ट्रेव्हर झोपला होता. तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. अंगावर कुणीतरी मॅव्हिसचं जांभळं स्वेटर पांघरलं होतं. गल्लीतली पोरं मॅव्हिसच्या खिडकीखाली टेकवलेल्या दारालाच गोलपोस्ट करून धाडधाड चेंडू मारत होती. बाटल्या गोळा करणारी गाडी काचा खळखळवत गेली. तो हलला नाही. हाच माणूस वरच्या खोलीत काळे पडदे ओढून, कानात बोळे घालून आणि पंखा लावून निजायचा, आणि पोस्टमनच्या पावलांनी जागा व्हायचा.

ग्लिनिसने डबा खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी टेकली. पाय पुन्हा हवेत. पाठीची शिवण नेमकी मानेला टोचत होती, आणि ती शिवण तिचीच होती. एकूणात, सोफा काही फारसा चांगला नव्हता. हे कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही. ट्रेव्हरचं डोकं हळूहळू घसरत तिच्या खांद्यावर आलं, तेव्हा तर हलायचाही प्रश्न मिटला.

मॅव्हिसने आपल्या खिडकीतून मनगटावर बोट आपटून दाखवलं. वेळ झाली. ग्लिनिसलाही ठाऊक होतं. गोदामात न सांगता दांडी मारली की नावापुढे खूण पडे. ट्रेव्हरच्या नावापुढे गेल्या हिवाळ्यातल्या फ्लूच्या खुणा होत्या, आणि अजून एक पडली की ऑफिसात बोलावणं यायचं होतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवून तो तसाच राहू दिला. मग दुसऱ्या हाताने त्याच्या खिशातला फोन काढला.

मुकादमाने उचलला. मागे माल वाहणाऱ्या पट्ट्यांची घरघर ऐकू येत होती.

“ट्रेव्हर रॅगची बायको बोलतेय. तो आज येत नाहीये.”

“आजारी आहे?”

“नाही.”

“मग काय लिहू?”

तिने विचार केला. खोटं पटकन सुचत नव्हतं.

“बसलाय तो.”

“बसलाय म्हणजे? पिऊन बसलाय?”

“नाही हो. नुसता बसलाय.”

मुकादमाने समजावलं की असं लिहिता येत नाही, खूण टाकावीच लागेल, आणि उद्या त्याला वर ऑफिसात जाऊन भेटावं लागेल. त्याचा आवाज तसा वाईट नव्हता.

“टाका,” ग्लिनिस म्हणाली.

फोन ठेवला जाईल असं तिला वाटलं. पण त्याने ठेवला नाही.

“कुठे बसलाय?” त्याने विचारलं.

“इथे. रस्त्यावर, दारात.”

“ऊन आहे का तिकडे अजून?”

त्या गोदामाला खिडक्या नाहीत, हे ट्रेव्हरने तिला एकदा सांगितलं होतं. ग्लिनिसने खांदा न हलवता मान वर केली आणि समोरच्या छपरांकडे नीट बघून घेतलं.

“आहे,” ती म्हणाली. “धुराड्यांवर आहे. जाईल आता थोड्या वेळात.”

“बरं,” मुकादम म्हणाला, आणि तरीही थोडा वेळ लाईनवर राहिला.