गळ्यातला भाता

"आमचा सिद्धू बिजवर म्हणून नाक मुरडू नका, हरिबा. घरात समदं हाय. फकस्त भात्यावर बाई न्हाई."

म्हसवडचा नाथाजी लोहार धाकट्या भावासाठी मुलगी मागायला आला होता. ते वाक्य ऐकून हरिबाच्या बायकोचे, साळूबाईचे, हात चुकले, पण क्षणभरच. तिच्या दोन हातांत दोन भात्यांच्या दांड्या होत्या. एक खाली जायची तेव्हा दुसरी वर यायची, म्हणजे भट्टीचा वारा तुटायचा नाही. भट्टीत लालासाहेबांच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव होती. जर्मनीशी चाललेल्या लढाईमुळे रहिमतपुरात नवे लोखंड मिळेना, म्हणून जुने दोन तुकडे सांधून काम भागवायचे होते. टोके पांढरीफेक होईपर्यंत वारा हवाच. मध्ये हात थांबला की सांधा गेला. म्हणजे बोलणी चालली होती तिच्या लेकीची, आणि ती बसली होती लालासाहेबांच्या धावेला वारा घालत.

दोन वर्षांपूर्वी घसा सुजून साळूबाईचा श्वास अडकला, तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा गळा चिरून नळी बसवली होती. विलायती नळ्या यायच्या बंद झालेल्या, म्हणून तिथल्याच सोनाराकडून चांदीची घडवून घेतली. "लग्नात मी चांदी घातली न्हाई, ती डागदरानं घातली," असे हरिबा चारचौघांत हसून सांगायचा. श्वास त्या नळीतून आत जायचा आणि तिथूनच बाहेर पडायचा, तोंडापर्यंत पोचायचाच नाही. बोलायचे तर नळीवर बोट दाबायचे. पण लोहाराच्या बायकोचे बोट मोकळे असते कधी? हळूहळू घरातले सगळे मोठे विषय भाता चालू असतानाच निघू लागले. हरिबा काही वाईट माणूस नव्हता, पण ही सोय त्याला चांगलीच मानवली होती.

दवाखान्यात आईपाशी राही राहिली होती. नळी उकळायची कशी, धुवायची कशी, हे ती तिथेच शिकली. तिचा हलका हात बघून मोठ्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, "हिला आमच्याकडं पाठवा. दाईचं काम शिकवू." साळूबाईने तेव्हाच मनाशी धरले. भात्याने आपल्या तळहातांचे जे केले, ते राहीच्या हातांचे होऊ द्यायचे नाही.

पण हे सांगायचे तर हात भात्यावर असतानाही बोलता यायला हवे होते. नळीची झडप तिने त्यासाठीच केली. एकदा भात्याचे फाटके कातडे बदलताना तळाची झडप उघडी पडली. भाता उचलला की ती उघडते, वारा आत येतो. दाबला की मिटते आणि वारा पुढच्या तोंडानेच जातो. जन्मभर बघितलेली गोष्ट, पण त्या दिवशी ती बघतच बसली. मग कोकराच्या पातळ कातड्याचा नखाएवढा तुकडा घेतला, पितळी कडे घेतले आणि राहीकडून रेशमाचे टाके घालून घेतले. पहिल्या झडपांनी जीव नकोसा केला. एक तर श्वासाबरोबर आतच ओढली गेली. शेवटी एक बेताची जमली. श्वास घेताना उघडायची, सोडताना मिटायची, आणि वारा वर घशात जाऊन बोट न लावता शब्द उमटायचा. मात्र वरचा घसा अरुंद होता. झडप लावून थोडे बोलले की दम कोंडायचा.

"आता बाई भाताच गळ्यात घालून फिरतीया," हरिबा म्हणाला होता.

नाथाजी दारात दिसला तेव्हाच साळूबाईने झडप नळीवर बसवली होती. आता त्याने रीत म्हणून विचारले, "वैनी, तुमचं काय म्हणणं? द्यायची न्हवं पोरगी?"

साळूबाईने बोलायला श्वास घेतला. नेमका तेव्हाच उजवा हात दाबायचा होता. अंगाचा जोर लागला आणि शब्दाच्या आधी घशातून निघाले, "हूं." एरवी तो कण्हण्याचा वारा नळीतून मुकाट निघून गेला असता. आज झडपेने तो वर ढकलला.

"ऐकलं का? आईनं हुंकार दिला!" नाथाजी खुशीत म्हणाला.

हरिबाने ऐरणीवर पालथा हात ठेवला. "दिली."

लोहारांत असा दिलेला शब्द ऐरणीवर पुढचा घाव पडला की पक्का होतो. त्याआधी, ज्याला शब्द दिला त्याने आपल्या हाताने ऐरण पुसली तरच तो सुटतो.

"न्हाई," साळूबाई म्हणाली.

"आता कसली न्हाई? पाव्हण्यांनी ऐकलं की."

"त्यो हुंकार न्हवता. न्हाई!"

सांधा तापत होता. तो पांढरा झाला की घाव पडणार, आणि पांढरा करत होते तिचेच हात. तिने दांड्या सोडल्या.

"अगं, सांधा जाईल! राही, बस भात्यावर!"

राही उंबऱ्यातून उठली. तिने आईकडे पाहिले, विझत चाललेल्या निखाऱ्याकडे पाहिले, आणि बसली. भाता चालू झाला.

नाथाजी कौतुकाने बघत होता. "हात बसलाय पोरीचा. म्हसवडला शिकवाय नको."

ते बोल साळूबाईला चटका बसावा तसे लागले. तिने राहीला खांद्याने बाजूला सारले. "ऊठ." आणि दांड्या पुन्हा धरल्या.

उजवा हात खाली गेला. "न्हाई." डावा खाली गेला. "न्हाई." झडप मिटायची, उघडायची, आणि भात्याच्या प्रत्येक फुंकरीबरोबर तो एकच शब्द यायचा. हरिबा तिला थांबवू शकत नव्हता, कारण वारा हवा होता. वारा हवा तर ते ऐकणे भाग होते.

"न्हाई. न्हाई."

आवाज बारीक होत गेला. तिचे ओठ काळेनिळे पडू लागले. "आई, बास कर, दम कोंडंल!" राही रडायला लागली. सांधा पांढरा झाला. हरिबाने सांडशीने धाव ओढली, हातोडा उचलला.

"थांबा!" नाथाजी पुढे झाला आणि आपल्या पटक्याच्या टोकाने त्याने ऐरण पुसली. "हाणा आता. बाईचा तळतळाट घेऊन मी देवाम्होरं, सिद्धनाथाम्होरं, कसा हुबा ऱ्हाऊ?"

घाव पडला. सांधा धरला.

साळूबाईला ते कळलेच नाही. रिकाम्या भट्टीला वारा घालत ती ओठ हलवत होती. राहीने गुडघे टेकून तिच्या गळ्यावरची झडप अलगद काढली. आवाज तुटला आणि नळीतून शीळ घालत श्वास आत गेला. एक, मग आणखी एक.

नाथाजी निघून गेला. हरिबाने धावेचा सांधा ठोकून सारखा केला. मग मान वर न करता म्हणाला, "आठवड्यानं सांगलीला कोण जाणारं भेटलं, तर पोरीला नर्सबाईकडं धाडू." थोड्या वेळाने म्हणाला, "दुसऱ्या चाकाची धाव ऱ्हायलीय."

साळूबाईने पुन्हा दांड्या धरल्या. राही ती ओली झडप तळहातावर घेऊन तिच्यासमोर बसून होती.

"आई, मी गेल्यावर तुझी नळी कोण धुईल?"

साळूबाईचे दोन्ही हात भात्यावर होते. तिने लेकीकडे पाहिले आणि ती वारा घालत राहिली.