गळा तिथे तार

मी तुणतुणे बोलतोय. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्याला तुम्ही माझे नाव देता. ती निंदा मी केव्हाच पचवली. माझ्याजवळ एकच स्वर आहे, हे खरे. तो कुणासाठी धरून ठेवायचा असतो, हे विचारण्याची तसदी मात्र या विद्वानांच्या पुण्यात फार थोड्यांनी घेतली.

लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे, कडेला काठी आणि खुंटीपासून चामड्यापर्यंत ताणलेली तार, एवढाच माझा देह. पुण्याजवळच्या मांजरी गावचे गोंधळी हिंदुराव गात आणि मागे उभे राहून झील धरणारे बद्रीनाथ मला वाजवत. चाळीस वर्षे. आमचा रिवाज असा, की तार गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे लावायची. हिंदुराव बोटाने खूण करीत, बद्रीनाथ खुंटी फिरवीत. वयाबरोबर गळा उतरत गेला, तसा मीही उतरलो.

गेल्या वर्षी त्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नव्हता. कर्वेनगरात स्टुडिओ चालवणाऱ्या त्यांच्या नातीने, तनयाने, तो आधी ध्वनिमुद्रित केला. पोरीचा हेतू निर्मळ होता. म्हणूनच माझी तक्रार अवघड आहे.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याने ती मांजरीला आली. हिंदुरावांच्या गळ्याला बँडेज होते. स्पीकरमधून गाणे उमटले, नितळ आणि गुळगुळीत.

"आजोबा, मागची ती टणटण काढून टाकली," तनया कौतुकाने म्हणाली. "आणि सूर जरा खाली होता ना, तो वर घेतला."

बद्रीनाथांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "गाणं झ्याक हाय, ताई. पण गातंय कोण?"

ती गोरीमोरी झाली. मूळ मुद्रण तिने पुसून टाकले होते. फायनल चांगले झाल्यावर ते कशाला ठेवायचे, असे तिला वाटले होते.

हिंदुरावांनी मला बद्रीनाथांच्या हाती दिले. स्पीकरकडे पाहत बोटाने खूण केली, वर.

"दादा, ह्यो तुमचा सूर न्हाय."

पुन्हा तीच खूण. खुंटी पिळली गेली. चामडे तडकेल असे वाटेपर्यंत मी ताणला गेलो आणि यंत्राच्या स्वराला मिळालो. तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा चेहरा निवळला.

आता रोज सकाळी ते गाणे लागते आणि मी साथ करतो. कुणाचा आवाज जपायला निघालात, तर त्याच्या मागे कोण उभे आहे, ते आधी पाहा. हिंदुरावांचा खरा सूर एका तारेला ठाऊक होता. तीही आता वर चढवलेली आहे.