बटणाला लावलेला चिमटा

मी गीझर बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण मी ज्या बाकाखाली राहतो त्याच बाकावर बाबा झोपतात, आणि आमचं दोघांचं एकच लाजिरवाणं दुखणं आहे.

माझं घर म्हणजे मोटारहोम, चाकांवरचं घर. त्यात छोटा ओटा, कपाटाएवढी न्हाणी, पाण्याची टाकी, ते पाणी पुढे ढकलणारा पंप आणि ते तापवणारा मी. पंप मोठ्या तोंडाचा. कुणी नळ सोडला की घुर्र करून साऱ्या घराला सांगतो. सांडपाण्याची टाकी मात्र शहाणी. सगळ्यांचं पोटात घेते आणि आजवर कुणाची चुगली केली नाही तिनं.

माझ्या अंगाला एक बटण आहे. पाणी गोठण्याइतकी थंडी पडायला लागली की ते आपोआप टपकन उडतं आणि माझ्या पोटातलं सगळं पाणी नळीवाटे गाडीखाली सांडतं. कारखान्यात मला मुद्दामच तसं घडवलंय. पाणी आत राहिलं तर त्याचा बर्फ होऊन माझं पोट फाटेल. कारण चांगलं आहे हो, पण चारचौघांत गाडीखाली थारोळं साचतं तेव्हा कारण कोण विचारतं? पहिल्या मालकाची पोरं टाळ्या पिटायची, "गीझरनं शू केली, गीझरनं शू केली!" पत्र्याचा असलो म्हणून काय झालं, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

पुढे एका गॅरेजवाल्यानं ही गाडी नव्या घरी विकली. घरात मुलगी, जावई आणि मुलीचे वडील. त्यांना सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. गॅरेजवाला तेव्हा बजावत होता, "हे बटण कधी दाबून बांधू नका, फुटेल बिचारा." जावई त्या वेळी गादी किती मऊ आहे ते दाबून बघत होते. ऐकलं ते फक्त बाबांनी.

बाबांना थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. ती डोंगरापलीकडे राहते, अंथरुणाला खिळलेली. ही भेट हुकली तर पुन्हा व्हायची नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं. निघण्याआधी जावयांनी अट घातली, "बाबा, तब्येतीची जराही कुरबुर झाली तर मी गाडी मागे वळवणार. तिकडं डोंगरात डॉक्टर कुठून आणायचा?"

"मी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले.

डोंगरात गाडी थांबली त्या दुपारी मुलगी-जावई फिरायला गेले. बाबा पांघरूण घेऊन पडले. हवा अचानक गारठली, माझं बटण उडालं आणि मी रिकामा झालो. थोड्या वेळानं बाबा जागे झाले आणि नुसते बसून राहिले. त्यांची चादर भिजली होती.

मग घाईघाईनं उठून त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला. पंप घुरघुरला, पण नळातून फक्त हवा. पाणी माझ्यातून थेट गाडीखाली चाललं होतं. बाबांनी पंप बंद केला, गुडघे टेकले, बाकाचं दार उघडून बटण दाबलं. ते पुन्हा उडालं. गारठ्यात ते बसतच नाही.

"तुझंही झालं होय रे?" ते म्हणाले.

त्यांनी बटणावर तळहात ठेवला आणि त्याला ऊब देत बसून राहिले. बऱ्याच वेळानं बटण बसलं. पंप सुरू केला, नळातून फुरफुर करत हवा निघून गेली, धार सलग झाली, मगच त्यांनी मला पेटवलं. जीव तोडून तापलो मी. त्यांनी अंग धुतलं, चादर धुतली, खुर्चीवर पसरली. गादी मात्र धुता येण्यासारखी नव्हती.

मुलगी आली आणि तिनं गादीवर हात फिरवला. "बाबा, ही ओली कशी?"

"गीझर गळला," बाबा खाली बघत म्हणाले.

जावयांनी वाकून पाहिलं. गाडीखाली थारोळं होतंच. "तरी मला वाटलंच होतं, जुना माल गळ्यात मारला त्या गॅरेजवाल्यानं." त्यांनी मला बंद केलं, दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला आणि माझं बटण दाबून घट्ट आवळलं. "आता बघतो कसा गळतो."

मनातल्या मनात मी बाबांना नको नको ते बोललो. स्वतःचं झाकायला माझं नाव? संध्याकाळ झाली. बाहेरचं गवत पांढरं पडायला लागलं. माझं पोट भरलेलं, बटण आवळलेलं, आणि ओरडायला मला तोंड नाही.

सगळे जेवायला बसले. बाबांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. "जावईबापू, तो चिमटा काढा. पाणी गोठलं तर फुटेल तो."

"अहो, पण गळतोय ना!"

"त्यानं पाणी बाहेर टाकलं. गादी त्यानं नाही भिजवली." बाबांचा आवाज अगदी खाली गेला. "मी भिजवली. आता वळवायची तर वळवा गाडी."

मग मुलगी उठली आणि खुर्चीवरची चादर चाचपू लागली. "पिळायची तरी नीट, बाबा. अशी वाळते होय?" पिळता पिळता ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या लवकर निघू या. आत्या वाट बघतेय."

जावयांनी मान हलवली आणि बाकाखाली वाकून चिमटा काढला.

जेवणं उरकायच्या आत माझं बटण उडालं. गाडीखाली धो धो पाणी पडलेलं सगळ्यांनी ऐकलं. "झालं याचं," बाबा म्हणाले, आणि आधी ते हसले, मग बाकीचे.

आज गाडी आत्यांच्या दारात उभी आहे. थंडी इथंही आहे, मी इथंही गळतो. लाज काही जात नाही. पण गळण्याची लाज आता कमी वाटते, त्या संध्याकाळी मनात बाबांना जे बोललो त्याची जास्त. एवढंच मागणं आहे, कुणाच्या गाडीखाली थारोळं दिसलं तर पाहून न पाहिल्यासारखं करा, आणि बटणाला चिमटा लावू नका. बाबा रोज सकाळी बहिणीच्या अंघोळीसाठी पाणी तापवायला येतात, बटणावर तळहात ठेवतात आणि ते बसेपर्यंत थांबतात.