घरची कल्हई

सोनईत पीरमहंमद कल्हईवाल्याचा शब्द म्हणजे शब्द. बहात्तरच्या दुष्काळात कथील मिळेनासं झालं, तेव्हा बाकीच्यांनी बिनदिक्कत त्यात शिसं मिसळलं. हा पठ्ठ्या मात्र लोकांच्या भांड्यांना शुद्ध कथीलच लावत राहिला. घरच्या दोन पातेल्यांना तेवढं त्यानं शिशाच्या जुन्या नळीचा तुकडा वितळवून लावला. घरचंच तर आहे, काय होतंय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरात माणसं दोनच. पीरमहंमदला आंबट सोसत नसे, म्हणून त्या पातेल्यातलं चिंचेचं सार वर्षभर एकटी त्याची बायको सरवरीच खायची. आधी तिच्या पोटात कळा यायला लागल्या. मग हातातून ताटल्या पडायला लागल्या. "ध्यान कुठं असतंय तुझं?" म्हणून तो बायकोवर खेकसायचा. एके दिवशी तिचा उजवा पंजा मनगटातून लोंबला तो वर येईना, तेव्हा कुठे तो घाबरला.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तिच्या हिरड्यांवरची शिशाची निळी रेघ पाहिली आणि आधी त्याचा धंदा विचारला, मग घरच्या भांड्यांची चौकशी केली.

"हात हलवायचा निरोप नसांमधून जातो," ते म्हणाले. "तो पोचवायला शरीरात विकरं नावाची द्रव्यं राबतात, आणि त्यांना जस्तासारखे धातू कणभर लागतात. शिसं त्या धातूंच्याच जागेवर ठाण मांडतं. मग निरोप निघतो, पण हातापर्यंत पोचत नाही. चिंचेनं ते शिसं भांड्यातून सुटलं. कल्हई कोणी केली होती?"

"मीच," पीरमहंमद म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात सुधारेल का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

परतीच्या एस.टी.त सरवरीनं उजवा हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "अजी, लोकांच्या भांड्यांत न्हाई ना घातलं?"

"न्हाई. खुदाकसम."

"मग बरं झालं."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला सोसल्या असत्या.

घरी आले तर शेजारची रतनबाई तांब्याचा हंडा घेऊन पायरीवर बसलेली. "पीरभाई, दुसऱ्या कुनाचा भरवसा न्हाई बगा," ती म्हणाली.

त्यानं भट्टी पेटवली. सरवरी सवयीनं भात्यापाशी येऊन बसली. वीस वर्षं भाता तीच ओढत आली होती. तिनं उजवा हात दांड्यावर ठेवला. तो घसरून खाली राखेत पडला. तिनं तो डाव्या हातानं उचलला आणि पुन्हा दांड्यावर ठेवला.