मुखेडचा हिरवा ठिपका

भरदुपारी, लाईट असताना, अश्वजितने यूपीएसची पिन भिंतीतून उपसली. यूपीएस टीं टीं करू लागला. आता त्याची बॅटरी उतरायची, मग राउटर बंद पडायचा आणि मग नांदेडच्या हेड ऑफिसातून फोन यायचा. तो खुर्ची ओढून वाट बघत बसला.

बियाणे कंपनीचं मुखेडचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एकटा अश्वजित. बाजाराचा वार सोडला तर तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. पूर्वी बरं होतं. घटकेघटकेला लाईट जाई, नांदेडच्या पडद्यावर मुखेडचा हिरवा ठिपका लाल होई आणि चंद्रप्रभाताईंचा फोन येई. सगळ्या तालुक्यांच्या लाइनींवर त्या नजर ठेवत. त्याने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. लाईट गेली का, एवढंच विचारायचं त्यांचं काम. पण पुढे डबा खाल्लास का, आईचे गुडघे कसे आहेत, असं निघतच जाई. लाईट परत यायची, तरी बोलणं चालूच. कामाशिवाय आपण फोन करावा, एवढा धीर मात्र त्याला कधी झाला नाही.

लाईट गेली की भरलेली माहिती उडायची आणि साहेबांची बोलणी खावी लागायची. म्हणून त्यानेच यूपीएससाठी अर्जांवर अर्ज केले. उन्हाळ्यात यूपीएस आला, ठिपका हिरवाच राहू लागला आणि फोन मुका झाला. गड्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. दिवस जाता जात नव्हता.

टीं टीं थांबलं. राउटरचे दिवे विझले. थोड्या वेळाने फोन वाजला, तसा त्याने शर्ट नीट केला आणि मग उचलला.

"मुखेड का? लाईट गेली का?" आवाज पुरुषाचा होता, घाईतला.

"न्हाई, पिन निघाली व्हती. चंद्रप्रभाताई न्हाईत का?"

बोलणारा कुणी श्रीनाथ म्हणून नवा माणूस होता. त्याने सांगितलं की सगळ्या ऑफिसांत यूपीएस बसले, लाइनी काही बंद पडेनात. मग ठिपके बघायला वेगळं माणूस कशाला? ताईंना लोह्याच्या ऑफिसला टाकलंय. एकट्याच असतात तिथं.

यूपीएससाठीचे अर्ज अश्वजितचेच होते. त्याने पिन परत लावली, राउटरचे दिवे लागेपर्यंत तिथेच उभा राहिला आणि मग लोह्याचा नंबर फिरवला. बराच वेळ रिंग वाजली.

"लोहा ऑफिस. कोण बोलतंय?"

आवाज तोच होता, पण बसलेला. कामाचं काहीतरी सांगावं म्हणून त्याने पुष्कळ आठवून पाहिलं, काही सुचेना.

"ताई, मुखेडहून अश्वजित. लाईट गेली का?"

पलीकडे पंख्याची घरघर स्वच्छ ऐकू येत होती.

"गेली रे," ताई म्हणाल्या. "केव्हाची गेलीय. डबा खाल्लास का?"